एका वेषाची सिद्धता

म्हैसूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, कावेरीच्या पाण्यावर भात आणि ऊस पिकविणारा बन्नूर हा कसबा मेंढ्यांच्या नामांकित जातीमुळे आणि विजयनगरच्या कृष्णदेवरायाला गुरुस्थानी असलेल्या व्यासतीर्थांचे जन्मस्थान म्हणून कर्नाटकात सर्वपरिचित आहे. परंतु या आठवड्यात मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटते ते निराळ्याच कारणासाठी. माझ्या थोरल्या बंधूंचे बिऱ्हाड तेथे आहे, आणि त्यांची कन्या बंगळूरच्या कॉमिक कॉनला प्रथमच जाणार असल्यामुळे त्या घरात गेले काही महिने जी सिद्धता चालली आहे, ती जवळून पाहण्याचा योग मला आला. चित्रकथांच्या या संमेलनाचा प्रारंभ २०११ साली दिल्लीत झाला, पुढच्याच वर्षी ते बंगळुरातही भरले, आणि अलीकडे व्हाइटफील्डच्या विस्तीर्ण प्रदर्शन-संकुलात जपानी ॲनिमेच्या चाहत्यांची जी दाटी होते, तीत आपल्या आवडत्या पात्राचा वेष धारण करून येणाऱ्या तरुणांचा भरणा फार मोठा असतो. या वेषसिद्धतेकडे वडीलधाऱ्यांनी केवळ करमणुकीचा पसारा म्हणून पाहू नये, कारण कलावंताने जे श्रम केले त्यांतला काही वाटा रसिकाने आपल्या हातांनी उचलण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे, असे मला मनापासून वाटते.

ॲनिमे आपल्याकडे काल-परवा आले असे समजणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. १९९० नंतरच्या वर्षांत दूरदर्शनवर रविवारी सकाळी जी ‘जंगल बुक’ मालिका आपण मुलांसह पाहत होतो, आणि जिच्यातल्या शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, ती मूळची जपानीच होती. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन यांच्या सहकार्याने रामायणावर जो चित्रपट केला तो १९९२ चा. भारतभरच्या चित्रपटगृहांत तो रीतसर लागावयास मात्र २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. २००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी आली, तिच्या मागोमाग डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी पोहोचले, आणि ज्यांनी ते बालपणी पाहिले त्यांनीच २०१९ साली माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात लागावा म्हणून केलेल्या अर्जावर पन्नास हजारांहून अधिक सह्या मिळविल्या. चित्रपट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लागला, आणि दिग्दर्शक स्वतः येथे येऊन आपल्या प्रेक्षकांना भेटून गेले.

तथापि हा प्रेक्षकवर्ग देशभर विखुरलेला आहे, आणि कसब्याच्या गावी राहणाऱ्या मुलीच्या वाट्याला या आवडीत एकांतच अधिक येतो. बन्नूरच्या घरात रात्री निजानीज झाल्यावर मोबाइलच्या लहानशा पडद्यावर तिने ज्या कथा पाहिल्या, त्यांविषयी बोलावयास वर्गात एखादी मैत्रीण आणि घरात कोणीही नाही, ही तिची अनेक वर्षांची स्थिती होती. अशा एकट्या रसिकांना एकमेकांची तोंडे दिसावीत, याच निकडीतून ही संमेलने जगभर उभी राहिली. टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी हौशी चित्रकथाकारांनी भरविलेल्या पहिल्या कॉमिकेटला ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे आली होती. त्याच मेळ्याच्या २०१९ च्या हिवाळी अधिवेशनात चार दिवसांत साडेसात लाखांची उपस्थिती नोंदली गेली. हा मेळा मुळात हौशी मंडळींनी हौशी मंडळींसाठी चालविलेला असून स्वयंसेवकांच्या बळावरच तो आजही चालतो, आणि तेथे विकणारा व घेणारा या दोघांनाही ‘सहभागी’ असेच मानतात, ही गोष्ट मला त्याच्या आकाराहून अधिक मोलाची वाटते.

आता मूळ सिद्धतेकडे वळू. पुतणीने निवडलेले पात्र ‘डीमन स्लेयर’ या कथेचा नायक तांजिरो हे आहे. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तैशो काळातल्या जपानात, डोंगरात कोळसा पाडून विकणाऱ्या कुटुंबातला हा थोरला मुलगा. घरच्यांची हत्या झाल्यावर राक्षसयोनीत गेलेल्या धाकट्या बहिणीला तो लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो आणि तिला पुन्हा मनुष्यरूप मिळावे म्हणून वणवण हिंडतो. एवढी पात्रे असताना हाच का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “काका, तो ज्याला मारतो त्याच्यासाठीही रडतो.” या उत्तरानंतर त्या निवडीविषयी मला अधिक विचारावयाचे राहिले नाही.

निवड झाली म्हणजे लक्षणांचा प्रश्न येतो. बन्नूरहून थोड्याच अंतरावर सोमनाथपूरचे केशवमंदिर आहे. होयसळ राजा तिसऱ्या नरसिंहाचा दंडनायक सोमनाथ याने ते १२५८ साली बांधविले, आणि २०२३ मध्ये बेलूर-हळेबीडच्या मंदिरांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली. त्या भिंतींवरील विष्णुमूर्ती ओळखण्याचा मार्ग शिल्पशास्त्राने आखून दिला आहे: शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे कोणत्या क्रमाने कोणत्या हाती आहेत, एवढ्याच भेदावरून केशव, नारायण, माधव अशी चोवीस रूपे सिद्ध होतात, आणि एका हातातली वस्तू दुसऱ्या हाती गेली की देवाचे नाव पालटते. पुतणी लहानपणापासून ते मंदिर पाहत आली आहे. तांजिरोचे कपाळावरील व्रण डाव्या बाजूस, कानांत उगवत्या सूर्याचे चित्र असलेली पत्त्यांसारखी लांबट कर्णभूषणे, अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा सैल अंगरखा, कमरेला काळ्या पात्याची तलवार, असा तपशील तिने वहीत उतरविला तेव्हा हेच शास्त्र ती नकळत आचरीत होती. त्या मंदिराच्या शिल्पींपैकी मल्लितम्माने आपल्या मूर्तींखाली नाव कोरून ठेवले आहे. दागिन्याचा एकेक मणी सुटा कोरणाऱ्या त्या हाताला लक्षणांची ही काटेकोर चौकशी खचित मान्य झाली असती.

सर्वांत अधिक काळ लागला तो अंगरख्याला. हे वस्त्र, ज्याला जपानीत हाओरी म्हणतात, किमोनोच्या कुळातले असल्यामुळे चौदा-पंधरा इंच पन्ह्याच्या अरुंद कापडातून सरळ आयताकृती तुकड्यांत बेतले जाते. बगलेला गोलाई नाही, गळ्याला खोल काप नाही, आणि कापडाचा तुकडा सहसा वाया जात नाही. बाजारात छापील चौकड्यांचे तयार अंगरखे मिळतात, परंतु तिला तो जोडूनच करावयाचा होता. जुन्या म्हैसूर संस्थानात मराठी शिंपी आणि भावसार रंगारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत, घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी. अशाच एका घरातले आमचे शिंपीमामा बन्नुरात दुकान चालवितात. चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले, अंगरखा बाह्यांसह किती तुकड्यांचा हे बोटांवर मोजले आणि म्हणाले, “बाळ, हिरवं नि काळं दोन्ही कापडं आधी वेगवेगळी भिजव, वाळव, इस्त्री कर, आटायचं ते आटू दे, उतरायचा तो रंग उतरू दे, मग कातरीला हात लाव.” पाच इंचांचा चौकोन दिसावयास हवा असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणीचे दाब धरून तो सहा इंचांचा कापावा लागतो; आणि प्रत्येक शिवणीत एकेक सूत इकडेतिकडे झाले तर आठ शिवणींत पुरा इंच हुकतो, आणि पाठीवरची चौकट कुशीवरच्या चौकटीला मिळत नाही.

येथे आमच्या आईचा अनुभव कामी आला. सारा जन्म तिने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. तिने सगळे चौकोन पुठ्ठ्याच्या एकाच मापावर खडूने आखून घेतले, दोन-दोन चौकोन जोडून प्रथम लांब पट्ट्या करविल्या, हिरव्या कापडाच्या शिवणीचे दाब काळ्याकडे वळवून दाबले, म्हणजे वरून ते दिसू नयेत, आणि पट्टीला पट्टी जोडण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावर टाचणी लावून धावदोरा घालावयास सांगितले. चार कोपरे जेथे एका बिंदूत मिळतात तेथे ती नातीचा हात थांबवी आणि कापड उलटवून पाही. “गोधडीत चूक लपते, चौकटीत लपत नाही,” असे म्हणून एक संपूर्ण पट्टी तिने उसवायला लावली. त्या संध्याकाळी आजी आणि नात यांच्यामध्ये जपानी कथा, मराठी शिवण आणि कन्नड गाणी लावणारा शेजारचा रेडिओ एकत्र नांदत होते, आणि आजीने प्रथमच विचारले, “ह्या पोराच्या बहिणीचं पुढं काय झालं?”

तलवारीला वेळ थोडा लागला, परंतु तिचेही एक तंत्र आहे. अशा संमेलनांत धातूचे अथवा धारदार शस्त्र प्रवेशद्वारापलीकडे नेता येत नाही आणि प्रत्येक वस्तूची तपासणी होते; म्हणून पोकळ प्लास्टिकच्या नळीचा कणा घेऊन त्यावर ईव्हीए फोमचे पाते चढविले. गरम हवेच्या यंत्राने फोम शेकला की त्याची उघडी छिद्रे मिटून पृष्ठ तुकतुकीत होते आणि दिलेला बाक तो निवाल्यावर धरून राहतो. त्यावर पातळ फेव्हिकॉलचे हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, आणि शेवटी काळा रंग. घाईने एक हात ओल्यावर ओला दिला तर रंगाला पुढे भेगा पडतात.

प्रवासाची तजवीजही याच शिस्तीने झाली. प्रवेशपत्रे आगाऊ घेतली. पहाटेच्या बसने म्हैसूर, तेथून आगगाडीने बंगळूर, आणि स्थानकालगतच मेट्रोचा जांभळा मार्ग धरला की मध्ये न बदलता थेट व्हाइटफील्ड. सामानाच्या फर्दीत सुईदोरा, टाचण्या, फेव्हिक्विक, रुंद चिकटपट्टी, पाण्याची बाटली, दिवसभर उभे राहता येईल असे बूट आणि परतीच्या साध्या कपड्यांची नोंद आहे. कापड, फोम, केसांचा टोप, तिकिटे व भाडे यांचा जमाखर्च ती वहीच्या शेवटच्या पानांवर ठेवते, आणि त्यातली मोठी रक्कम तिने शिकवण्या घेऊन साठविलेली आहे. वेष धारण केलेल्या माणसाचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये आणि त्याच्या वस्त्राला हात लावू नये, हा तेथला शिष्टाचारही तिने आम्हां सर्वांना समजावून दिला.

हे सर्व पाहून काही वडीलधारे विचारतात की परक्या देशाच्या पात्राचा वेष आपल्या मुलींनी कशासाठी घ्यावा. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. त्या चौकड्यांची नक्षी जपानात लोकप्रिय झाली ती अठराव्या शतकात, सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटाने ती रंगभूमीवर नेसल्यामुळे. प्रेक्षकांनी त्याचे वस्त्र उचलले, आणि आज जो अंगरखा पुतणी शिवते आहे त्याच्या नक्षीमागे मुळात रसिकांचे अनुकरणच उभे आहे. आपल्याकडे बालगंधर्व रंगभूमीवर ज्या तऱ्हेने लुगडे नेसत, अंबाड्यात फुले माळीत आणि दागिने घालीत, ती तऱ्हा महाराष्ट्रातल्या कुलीन स्त्रियांनी आपल्या घरी आणली, आणि त्यामुळे मराठीपण उणावले असे कोणी म्हटले नाही. ज्यावर आपले मन जडते त्याचे वस्त्र अंगावर घ्यावेसे वाटणे ही रसिकतेची फार जुनी रीत आहे. ते वस्त्र स्वतः बेतून, उसवून, पुन्हा शिवून घेणाऱ्याला मूळ कलाकृतीतली एकेक रेषा जितकी कळते तितकी ती निव्वळ पाहणाऱ्याला कळत नाही.

म्हणून ज्या घरांतील मुले अशा संमेलनांना जावयास निघाली आहेत तेथील मोठ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की त्यांनी परवानगी देऊन मोकळे होऊ नये. शिवणयंत्र रिकामे करून द्यावे, गावातल्या कारागिराशी गाठ घालून द्यावी, हिशेब तपासावा, आणि ज्या कथेसाठी हा सारा खटाटोप आहे ती स्वतः समजून घ्यावी. मी पुतणीबरोबर बंगळूरला जाणार आहे. या कथेचे एकूण २३ खंड आहेत, आणि व्हाइटफील्डच्या दारात जाण्यापूर्वी ते वाचून पुरे करणे हा माझ्या वाट्याचा अभ्यास आहे. तो झाल्यावाचून तिच्या शेजारी उभे राहण्याचा अधिकार मला आहे असे मी मानीत नाही.