शाळकरी मुलांची ध्वनिमुद्रिका

शाळेंत गाणें म्हणजे अभ्यासाची हानि, अशी कित्येक पालकांची समजूत असते. त्यांनीं एक ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकावी, अशी आमची विनंति आहे.

लंडनच्या कोलेट कोर्ट शाळेकरितां अँड्र्यू लॉइड वेबर यांनीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याच्या कथेवर एक छोटी संगीतिका रचिली. पद्यें टिम राइस यांचीं. १ मार्च १९६८ रोजीं शाळेंत तिचा पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या प्रयोगास आलेले एका विद्यार्थ्याचे वडील, समीक्षक डेरेक ज्युएल, यांनीं 'संडे टाइम्स' पत्रांत तिची वाखाणणी केली आणि लोकांचें लक्ष तिजकडे वळलें. १९६९ सालीं डेक्का कंपनीनें तिची मुद्रिका काढिली.

तींत समूहगान शाळेच्याच मुलांचें आहे. पुढें या संगीतिकेचा विस्तार झाला, मोठ्या रंगभूमीवरील नटांच्याही मुद्रिका निघाल्या. त्यांत सफाई अधिक आहे. परंतु झग्याचे रंग एकामागून एक मोजतांना या मुलांच्या कंठांतून उमटणारा उल्हास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलनासाठीं उसन्या गाण्यांवरच विसंबूं नका. स्वतः कांहीं रचून पहा. आणि पालकहो, तें लहान म्हणून हंसण्यावारी नेऊं नका. कान देऊन ऐका.