१५ ऑगस्टच्या आत लिहून द्या

आसगावची ग्रामपंचायत, पवनीची पंचायत समिती, भंडाऱ्याची जिल्हा परिषद आणि मुंबईतले आरोग्य खाते, चौघांनीही नीट वाचावे. ही विनंती नाही. निवेदने देऊन झाली, पोचपावत्यांवर शिक्के मारून झाले. हा इशारा आहे: पुढची साथ येईल तेव्हा लेखी हमी हातात पडल्याशिवाय आमची एकही आशाताई सर्वेक्षणाला निघणार नाही, आणि कोणी बळेच काढू पाहील तर गावातल्या बाया आडव्या येतील.

‘लोकांच्या जिवाशी खेळता का?’ असे कोणी विचारीलच. मग २०२० चा हिशेब काढू. त्या वर्षी ऑगस्ट सरता सरता वैनगंगेला पूर आला, नदीकाठचे धान पाण्याखाली गेले. चिखल वाळतो न वाळतो तोच १५ सप्टेंबरला कोरोनाच्या सर्वेक्षणाची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. एका पथकाने दिवसाला पन्नास घरे करायची. प्रत्येकाच्या कपाळापुढे तापमापक धरायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, साखर आहे का, बीपी आहे का विचारायचे आणि सगळे नोंदवायचे. एका घराला फक्त दहा मिनिटे धरा. पन्नास घरांचे आठ तास वीस मिनिटे होतात. त्यात चालणे नाही, दोन घास खाणे नाही. आणि आमच्या चौरास पट्ट्यातला माणूस शेतीच्या दिवसांत उन्हे चढल्यावर घरी सापडतो थोडाच! म्हणजे फेरी सकाळी उजाडताच, नाहीतर दिवेलागणीला.

कोरोनाच्या कामाचा केंद्राने ठरवलेला जादा भत्ता होता महिन्याला १००० रुपये. दिवसाला तेहतीस रुपये. विमा मात्र ५० लाखांचा! तो मिळायचा मेल्यावर. ताप अंगावर घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत पडून राहिलेल्या बाईला त्या विम्यातून दमडी नव्हती. आणि आशांचा बराचसा मोबदला कामावर असल्यामुळे, पडून राहिली की तोही बुडाला.

पुढचे सगळे भांडून मिळाले. १५ जून २०२१ ला राज्यभरच्या आशांनी संप केला, तेव्हा कुठे मानधनात १००० ची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, पुढाऱ्यांनी अभिनंदनाचे संदेश धाडले. त्यानंतरही २०२३ च्या ऑक्टोबरात संप, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा संप, आझाद मैदानात मुक्काम, आणि मग मार्चमध्ये ५ हजारांच्या वाढीचा निर्णय. साथ ओसरून किती काळ लोटला होता, ते ज्याचे त्याने मोजावे.

म्हणून यापुढे आधी कागद, मग काम. साथीच्या कामाचा रोजाचा दर काम सुरू होण्यापूर्वी ठरला पाहिजे. मास्क, हातमोजे, सॅनिटायझर पहिल्या फेरीआधी हातात पडले पाहिजेत, फेरी संपल्यावर नव्हे. आजारी पडली तर त्या दिवसांचा मोबदला कापायचा नाही. अंधार पडल्यावर एकटीला पाठवायचे नाही. मोबाइलवर माहिती भरायची तर रिचार्ज खात्याचा. यातली एकही मागणी चैनीची नाही.

छळाचेही बोलू. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जिल्ह्यात स्थानिक समिती असणे बंधनकारक आहे. एरवी ‘तुम्ही तर स्वयंसेविका’ म्हणून आशांना कामगाराचे हक्क नाकारले जातात. हा कायदा मात्र मोबदला न घेता काम करणारीलाही कर्मचारीच मानतो. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. त्या समितीचा पत्ता आणि फोन ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लागला पाहिजे.

आता थोडे गावाला. कोरोनात गावोगावी ‘दुरूनच बोल वं बाई’ म्हणत फाटकाला कडी घातली गेली. भीती होती, समजू शकतो. पण शिवीगाळ, धक्काबुक्की, रजिस्टर हिसकावणे यांना माफी नाही. साथरोग कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि त्यात गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारीही येतात. यापुढे असे करणारा आपल्या भावकीतला निघाला, तरी मांडवली होणार नाही. तक्रार द्यायला आम्ही ताईसोबत ठाण्यात जाऊ. घरातल्या पुरुषांनीही ऐकावे: बायको फेरीवरून परतेस्तोवर चूल थंड ठेवून वाट पाहत बसणाऱ्याचे कौतुक आम्ही करणार नाही.

मुदत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत. तोवर रोवणी उरकत आलेली असते, सबब चालणार नाही. त्याआधीच्या महिला सभेत या मागण्यांचा ठराव मांडला जाईल. ग्रामसभेने तो मंजूर करून तालुक्याला आणि जिल्ह्याला पाठवावा. नाही केला, तर १६ तारखेपासून कागद थांबेल: सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी, रात्री दहाला मागवलेला अहवाल, सगळे बंद. गरोदर बाईला दवाखान्यात नेणे आणि लेकरांची लस थांबणार नाही. त्या कामाला कोणी हात लावायचा नाही, हे आमचे आम्हीच ठरवले आहे.

आसगावच्या बायांनो, झेंडावंदन झाल्यावर घरी परतू नका. सभेत बसा, हजेरीच्या वहीत सही करा, आणि ठराव मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत कोणीही उठू नका.