मताचा अधिकार काढला, वाचक गेले

वेबसाइटचे रूप बदलणे म्हणजे नुसती रंगरंगोटी, असे नव्या उद्योगात उतरणाऱ्या आपल्या तरुणांनी समजू नये. अमेरिकेत केव्हिन रोझ व सहकाऱ्यांनी २००४ साली ‘डिग’ सुरू केले. पहिल्या पानावर कोणती बातमी यावी, हे संपादक नव्हे, वाचकांची मते ठरवीत. साधीच कल्पना, पण चालली! ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने रूप पालटले. नको ती बातमी खाली ढकलण्याचे बटण काढले, बड्या प्रकाशकांना मात्र थेट वाट दिली. ज्यांच्या मतांवर हे घर उभे राहिले, त्यांनाच उंबऱ्याबाहेर? चिडलेल्या वाचकांनी पहिले पान प्रतिस्पर्धी ‘रेडिट’च्या लिंकांनी भरून टाकले. अनेकांनी मुक्कामच तिकडे हलवला. बटण पुढे परत आणले. गेलेली माणसे आली नाहीत. २०१२ मध्ये डिग तुकड्यातुकड्यांनी विकले गेले.