नाव मराठ्यांचे, मालकी कोणाची?

१/ पुण्याच्या नावाने एकदा अमेरिकन फुटबॉलचे विजेतेपद जिंकले गेले आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? २०१२ साली ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला हंगाम झाला आणि तो ‘पुणे मराठाज’ या संघाने जिंकला. मुंबईच्या संघाचे नाव होते ‘ग्लॅडिएटर्स’. आज त्या विजेत्यांचे नाव पुण्यातही क्वचितच निघते.

२/ ‘मराठा’ हे नाव छातीवर मिरवणारा संघ इतक्या सहज विस्मरणात गेला, कारण ते नाव कोणत्याही पेठेने, आळीने किंवा तालमीने दिलेले नव्हते. गुंतवणूकदारांनी शहरे निवडली, शहरांना शोभतील अशी नावे निवडली आणि ती गणवेशावर छापली. इतिहासातून शब्द उचलणे म्हणजे इतिहासाशी नाते जोडणे नव्हे. या धाग्याचे प्रतिपादन एवढेच आहे.

३/ आता याच खेळाच्या मूळ भूमीकडे वळू. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावाची लोकसंख्या १९२० साली सुमारे ३१ हजार होती. २०११ च्या जनगणनेत आपले चोपडा शहर सत्तर हजारांच्या पुढे गेलेले आहे. म्हणजे ग्रीन बे तेव्हा आजच्या चोपड्याच्या निम्म्याहूनही लहान होते. तरीही त्या गावाचा संघ शंभर वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत टिकून आहे.

४/ हा संघ १९१९ साली कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी उभा केला. लॅम्बो मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीस होता. गणवेशासाठी पैसे त्याच कारखान्याने दिले, म्हणून संघाचे नाव पडले ‘पॅकर्स’. त्या नावामागे ना सम्राट, ना योद्धा. गावात जे काम चालत होते, तेच नाव संघाने धारण केले.

५/ १९२२ च्या सुमारास संघ कर्जात बुडाला. त्या काळी लहान गावांचे संघ एकतर बंद पडत किंवा मोठ्या शहरांत जात. डेकेटरचा संघ शिकागोला गेला, पोर्ट्समथचा डेट्रॉइटला. ग्रीन बेच्या व्यापाऱ्यांनी १९२३ साली वेगळा मार्ग धरला. त्यांनी नफा न वाटणारी एक संस्था स्थापन केली आणि पाच डॉलरचा एक, असे भाग गावकऱ्यांना विकले.

६/ या भागांचे स्वरूप नीट समजून घ्या. त्यांवर लाभांश नाही. ते बाजारात विकता येत नाहीत. एका व्यक्तीने किती भाग बाळगावेत याला मर्यादा आहे. संघ कधी विकलाच गेला तर येणारा पैसा भागधारकांना मिळणार नाही, अशी तरतूद आरंभीच करून ठेवली गेली. ती रक्कम दिवंगत सैनिकांच्या स्मारकासाठी राखून ठेवलेली होती. आज ती धर्मादाय निधीकडे जाईल. लोभाला वावच उरू नये, अशी ही घटना आहे.

७/ आणि नव्या हंगामाची तयारी कशी सुरू होते? जुलैत भागधारकांची वार्षिक सभा भरते, तीत जमाखर्च मांडला जातो. बत्तीस संघांच्या त्या स्पर्धेत आपले हिशेब असे जाहीर करणारा हा एकच संघ. त्यानंतर सराव शिबिर सुरू होते. मैदानाकडे जाताना खेळाडू गावातल्या मुलांच्या सायकली चालवत नेतात आणि मूल त्यांचे शिरस्त्राण हातात धरून सोबत चालते. ही प्रथा अनेक दशकांची आहे.

८/ आपल्याकडे हंगामाची तयारी म्हणजे लिलाव, गणवेशाचे अनावरण आणि एक गाणे. प्रो कबड्डीने २०१४ पासून खेळाडूंच्या हाती पैसा आणि प्रतिष्ठा दिली, हे मान्य न करणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु महाराष्ट्राच्या नावाने खेळणारे ‘यू मुंबा’ आणि ‘पुणेरी पलटण’ हे दोन्ही संघ खासगी मालकीचे आहेत. उद्या मालकाने ठरवले तर मुंबईकराला किंवा पुणेकराला त्यावर मत देण्याचा अधिकार नाही.

९/ “हे अमेरिकेत चालते, तिथे पैसा आहे,” हा आक्षेप ठरलेला. पण १९२३ च्या ग्रीन बेपाशी पैसा नव्हता, कर्ज होते. शिवाय भागभांडवल गोळा करून सामाईक संस्था उभारणे ही कल्पना महाराष्ट्राला परकी कशी? प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्याच भागांतून उभा राहिला. खुद्द चोपडा तालुक्यात चहार्डीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्यासाठी जे जमले, ते संघासाठी जमवण्याचा विचारही आपल्याला का शिवला नाही?

१०/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: “सहकाराचे काय झाले ते पाहिले ना?” पाहिले. मूठभरांच्या हाती गेलेल्या संस्था महाराष्ट्राने भरपूर पाहिल्या. म्हणूनच ग्रीन बेची घटना वाचायची. तिथेही दैनंदिन कारभार संचालक मंडळच पाहते, प्रशिक्षक कोण असावा हे भागधारक ठरवत नाहीत. मात्र संस्था ताब्यात घेऊन श्रीमंत होण्याची वाट तिथे बंद आहे. रोगाचे निदान झाले म्हणून रोग्याला टाकून द्यायचे नसते.

११/ खानदेशाला सामूहिक उभारणीचा वारसा नाही, असे कोणी म्हणू नये. चोपड्याला लागून असलेल्या यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून त्याची सजावट केली. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. या दोन्ही घटनांमागे उभ्या होत्या त्या स्थानिक माणसांच्या संस्था.

१२/ मग आपल्या इतिहासप्रेमात व्यायामशाळा कुठे आहे? किल्ल्यांच्या तटबंदीची लांबी आपण पाठ म्हणून दाखवतो. आपल्याच गावातले क्रीडा मंडळ कधी स्थापन झाले, हे मात्र सांगता येत नाही. कबड्डी आणि खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे-बडोद्याच्या जिमखान्यांनी बसून ठरवले. ते श्रेय डावलून आपण दोन्ही खेळ थेट चक्रव्यूहाला नेऊन भिडवतो. पुराणाचा हवाला देणे सोपे आहे, कारण त्याला पुरावा लागत नाही.

१३/ चोपड्याच्या, यावलच्या, शिरपूरच्या तरुणांनो, हे काम तुमचे आहे. न्यासाखाली नोंदलेल्या जुन्या मंडळांची कागदपत्रे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. मंडळाची घटना मागा, सभासदांची नोंदवही उघडा, इतिवृत्ते वाचा. मैदानाची जागा कोणाच्या नावावर आहे, तेही पाहा. वाळवी आणि भूखंडाचे दलाल, दोघेही तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

१४/ खेळाडू घडवणारे मैदान गावात आणि संघाची मालकी शहरात, ही स्थिती निसर्गनियम नाही. ती माणसांनी केलेली व्यवस्था आहे, म्हणून माणसांना बदलता येते. पुढच्या हंगामात छातीवर ‘मराठा’ लिहिलेला नवा गणवेश आला की टाळ्या जरूर वाजवा. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारा: या संघाची वार्षिक सभा कुठे भरते, आणि तिथे आपल्याला बसता येते का?