आपाला प्राणायाम नको, रजा द्या

दिवाळीच्या सुट्टीत माझी मोठी आपा चार दिवस आराम करायला आमच्याकडे कर्वेनगरला आली होती. ती पंधरा वर्षं एका विनाअनुदानित उर्दू शाळेत शिकवते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, ती कानात इयरफोन घालून मोबाईलसमोर बसली. शाळेनं वेबिनार ठेवला होता. विषय होता, 'शिक्षकांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी'. हजेरी सक्तीची, आणि शेवटी स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. दोन तास तिला सांगण्यात आलं की खोल श्वास घ्या, भरपूर पाणी प्या, रात्री मोबाईल लांब ठेवा. त्याच रात्री साडेदहाला त्याच ग्रुपवर निरोप आला: यू-डायसची राहिलेली माहिती उद्या दुपारपर्यंत भरा.

मला हसू आलं. आपाला आलं नाही. तिला गेल्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हरवर झेपणार नाही एवढा भार टाकला आणि तो बंद पडला, तर आम्ही सर्व्हरला 'सकारात्मक विचार कर' असं सांगत नाही. भार कमी करतो किंवा दुसरा सर्व्हर जोडतो. शिक्षकांच्या बाबतीत मात्र भार तसाच ठेवून सहन करायचं प्रशिक्षण दिलं जातं. माझा आक्षेप श्वासाच्या व्यायामाला नाही, पगार आणि रजेच्या जागी तो देण्याला आहे.

त्या वेबिनारमध्ये वक्त्यांनी महर्षी कर्व्यांचा दाखला दिला. फर्ग्युसन आणि हिंगणे यांच्यामध्ये ते रोज पायपीट करायचे, मग तुम्ही का थकता? मी राहतो ते कर्वेनगर म्हणजेच ते हिंगणे, म्हणून हे उत्तर द्यायचा मला थोडा हक्क आहे. कर्व्यांचा त्याग मोठाच होता. पण 1891 ते 1914 ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांना पगार मिळत होता. त्यांनी त्याग स्वतः निवडला, कुणी परिपत्रक काढून त्यांच्यावर लादला नव्हता. आणि त्या त्यागापायी घराची काय ओढाताण झाली, ते त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. भाषण देण्याआधी ते वाचायला हवं.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. दर 9 जानेवारीला आपण फातिमा शेख यांचं चित्र स्टेटसला ठेवतो. 2025 च्या जानेवारीत त्या होत्या की नव्हत्या यावर सोशल मीडियावर वाद पेटला, तेव्हा आपण सगळ्यांनी एका पत्राचा दाखला दिला. 10 ऑक्टोबर 1856 चं, सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं. पण ते पत्र सांगतं काय? सावित्रीबाई आजारी पडून माहेरी गेल्या आहेत, बऱ्या होत आहेत, आणि आपल्यामागे फातिमावर कामाचा ताण पडत असेल याची त्यांना काळजी आहे. आजारी शिक्षिकेला विश्रांती, तिच्या जागी काम बघणारी दुसरी शिक्षिका, आणि त्या दुसरीच्या थकव्याची जाणीव. समाज दगडशेण मारत असताना, तुटपुंज्या पैशांत, त्या लोकांना हे जमत होतं. आपल्या टाइल्स लावलेल्या शाळांना का जमत नाही?

ट्रस्टी म्हणतात, सरकार अनुदान देत नाही. खरं आहे. 2001 मध्ये राज्यानं नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' ठरवलं. 'कायम' हा शब्द निघायला 2009 उजाडलं. त्यानंतर अनुदान आलं तेही वीस-वीस टक्क्यांच्या तुकड्यांनी, आणि त्यासाठी शिक्षकांना वारंवार आझाद मैदानावर बसावं लागलं. सरकारचा दोष इथंच संपत नाही. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. पण निवडणुकीच्या त्या एका सवलतीतून केवढं ओझं येतं! 2025 च्या अखेरीस मतदारयाद्यांच्या कामात अनेक राज्यांत बीएलओंचे मृत्यू झाले. त्यांत शिक्षकही होते. शेवटी जादा माणसं द्या, हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं.

तरीही सरकारकडे बोट दाखवून आपले हात स्वच्छ होत नाहीत. खासगी शाळांतल्या नोकरीच्या शर्तींचा 1977 चा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. तरी आपल्याकडे काही शाळांत सही एका आकड्यावर होते आणि हातात दुसराच आकडा पडतो. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना मदरशात पाठ करून घेतो. ती मुलांच्या उस्तादांना आणि मॅडमना लागू नाही का? 'दीन की खिदमत' म्हणून गप्प बसवणं म्हणजे त्यांचा हक मारणं आहे.

म्हणून दोस्तांनो, मागण्या साध्या ठेवू या. सही असेल तेवढा पगार, ठरलेल्या तारखेला, बँकेत. आजारपणाची रजा मागताना 'बदली कोण?' हा प्रश्न शिक्षिकेला विचारायचा नाही; ती सोय शाळेनं करायची. माहिती भरायला एक कारकून. संध्याकाळी सातनंतर ग्रुप बंद. एवढं झाल्यावर वेबिनार खुशाल ठेवा, पण कामाच्या दिवशी.

ज्यांचा जीव आज घुसमटतोय त्यांनी या मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नये. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथं बोलण्यात कसलीही शरम नाही.

आणि आपण, जे या शाळांतून शिकून आज चांगलं कमावतो? पुढच्या वेळी ट्रस्टचे लोक नव्या इमारतीसाठी पावतीपुस्तक घेऊन आले, की चंदा जरूर द्या. पण आधी विचारा: गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, आणि किती झाला? मी या वर्षी विचारला. उत्तर आलं नाही, म्हणून पावतीही फाडली नाही. हा प्रश्न पन्नास जणांनी विचारला, तर उत्तर द्यावंच लागेल.