धागा : परभणीचे मैदान आणि चार विद्यापीठांच्या भिंती

१/ परभणी शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. त्याच शहरात ज्ञानोपासक महाविद्यालय आहे, श्री शिवाजी महाविद्यालय आहे. या साऱ्यांचे विद्यार्थी एकाच रेल्वे स्थानकावर उतरतात, एकाच बाजारातून खोलीसाठी बादली आणि चटई घेतात, पावसाळ्यात एकाच काळ्या चिखलातून चालतात. विद्यापीठीय फुटबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मात्र कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी बाकीच्या दोघांसमोर कधीच येऊ शकत नाहीत. या विचित्र अस्पृश्यतेचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/ कारण कागदोपत्री अगदी साधे आहे. ज्ञानोपासक आणि शिवाजी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न. कृषी महाविद्यालय परभणीच्याच कृषी विद्यापीठाचे घटक. पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे. नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची सूत्रे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. गाव एक, विद्यापीठे चार. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे एकाच विद्यापीठाच्या महाविद्यालयांची स्पर्धा, हा नियम लावला की परभणीतला पशुवैद्यकाचा विद्यार्थी नागपूर, मुंबई, शिरवळ, उदगीरच्या संघांशी खेळतो. शेजारच्या कृषी महाविद्यालयाशी नाही.

३/ मग विद्यापीठांचे संघ तरी परस्परांशी खेळतात का? खेळतात, पण भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागात. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा असा तो अफाट पसारा. स्पर्धा सामान्यतः बाद पद्धतीने सुरू होते आणि साखळीचे भाग्य अखेरच्या मोजक्या संघांच्याच वाट्याला येते. म्हणजे परभणीची नांदेडशी गाठ पडायची तर सोडतीत योग जुळावा लागतो, आणि परभणी-नांदेड हा रेल्वेने तासाभराचा शेजार उदयपूर किंवा बडोद्याच्या मैदानावर साजरा होऊ शकतो. पहिल्याच दिवशी पाच गोल खाल्लेला संघ दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत असतो. वर्षभराची तयारी, दीड दिवसाचा प्रवास, नव्वद मिनिटांचा खेळ.

४/ ही रचना कुठून आली, हे पाहिल्याशिवाय तिचा मूर्खपणा लक्षात येत नाही. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे मुळात परीक्षा घेणारी मंडळे होती. शिकवत असत ती महाविद्यालये. विद्यापीठ प्रश्नपत्रिका काढी आणि पदवी देई. ‘संलग्नता’ हा शब्द उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून जन्मला. चेंडूशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

५/ १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. १९३५ पासून क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. त्या काळात प्रत्येक विद्यापीठाचा एक संघ आणि त्यांची एक स्पर्धा, हे सूत्र योग्यच होते, कारण स्वातंत्र्याच्या वेळीदेखील देशात विद्यापीठे होती वीसच्या आसपास. याच मंडळाचे १९७३ मध्ये ‘भारतीय विद्यापीठ संघ’ असे नामांतर झाले. आज देशात एक हजाराहून अधिक विद्यापीठे आहेत. पंगत वीस पानांची होती तेव्हाची वाढण्याची पद्धत हजार पानांना तशीच लावली, तर शेवटच्या पानापर्यंत वरण पोचत नाही.

६/ आणि ही हजार पाने सारख्या आकाराची नाहीत. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आपला संघ शेकडो संलग्न महाविद्यालयांतून निवडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची घटक महाविद्यालये परभणी, लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, धाराशिव, गोळेगाव अशा ठिकाणी, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. खासगी संलग्न महाविद्यालये धरली तरी पारडे जुळत नाही. दोन्हींना ‘विद्यापीठ’ हेच नाव असल्यामुळे दोन्ही सोडतीत एकाच रांगेत उभी. नावाचे साम्य हे बळाचे साम्य मानणे, ही समता नव्हे. ती नोंदवहीची सोय आहे.

७/ परभणीची तुकडेमोड तर डोळ्यांदेखत झाली. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात. विद्यापीठ म्हणजे १९१८ चे उस्मानिया. त्याच वर्षी, १९५६ मध्ये, परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झाले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले. १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ वेगळे झाले, १९९४ मध्ये नांदेडचे विद्यापीठ निघाले, २००० साली पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात उभे राहिले आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच्या ताब्यात गेले. इमारत जागची हलली नाही. खेळाडू मात्र एका रात्रीत ‘परक्या विद्यापीठाचे’ झाले.

८/ यातील प्रत्येक विभाजनामागे शैक्षणिक कारण होते आणि त्यातल्या बहुतेकांमागे मराठवाड्याच्या न्याय्य मागण्या होत्या. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार इतकीच की अभ्यासक्रम वेगळा झाला म्हणून मैदानही वेगळे झाले पाहिजे, असे कोणत्याही आंदोलनाने मागितले नव्हते.

९/ हैदराबादचा उल्लेख आलाच आहे, तर फुटबॉलपुरता त्याचा वारसा विसरून चालणार नाही. सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानियात शिकलेले, पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक नेला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही त्यांच्याच मार्गदर्शनाची फळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादपासून तुटला; त्यानंतर बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले.

१०/ रहीमसाहेबांची पद्धत काय होती? मोठ्या संघांची वाट पाहत बसणे ही नव्हे. त्यांनी शहरातच छोट्या-छोट्या स्पर्धा भरवल्या. कुठे ड्रिब्लिंगला बंदी, कुठे ठरावीक उंचीखालच्याच मुलांना प्रवेश. पोरे आपापल्या मोहल्ल्यातल्या पोरांशी खेळत राहिली आणि खेळता खेळता ऑलिंपिकपर्यंत गेली. परभणी त्या राज्यातून बाहेर पडताना हा धडा सोबत आणायला विसरली.

११/ दुसरा विसर याहून मजेशीर आहे. भारतातील कृषी विद्यापीठांचा साचा अमेरिकेतून आला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तिथे जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्येची सार्वजनिक महाविद्यालये काढली गेली. त्या धर्तीवर १९६० साली पंतनगरला पहिले विद्यापीठ उभे राहिले, इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले होते. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्रिसूत्री आपण जशीच्या तशी उचलली. त्या विद्यापीठांच्या आवारातली सर्वांत मोठी वास्तू खेळाचे मैदान असते, हे मात्र कोणाच्या अहवालात आले नसावे.

१२/ (त्यांचे ‘फुटबॉल’ वेगळे, हे खरे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे आणि नाव फुटबॉल ठेवायचे. पण येथे प्रश्न चेंडूच्या आकाराचा नसून कोणी कोणाशी खेळावे याचा आहे.)

१३/ विस्कॉन्सिन हे दुधाचे आणि शेतीचे राज्य. तेथील मॅडिसनचे विद्यापीठ १८९६ पासून ‘बिग टेन’ या बड्यांच्या साखळीत आहे. पण त्याच राज्याची दुसरी सार्वजनिक विद्यापीठे, ज्यांत शेतीशिक्षणासाठी ओळखली जाणारी प्लॅटव्हिल आणि रिव्हर फॉल्सही आली, ती १९१३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या वेगळ्या छोट्या साखळीत खेळतात. मुळात ती शिक्षक घडवणारी छोटी विद्यालये होती. १९७१ पासून मॅडिसनसकट ही सारी एकाच राज्यव्यवस्थेत आहेत. तरीही रिव्हर फॉल्सला मॅडिसनच्या गटात घाला, नाहीतर आमचा अपमान होतो, अशी ओरड तिथे कोणी केली नाही.

१४/ ही साखळी अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडेच्या तिसऱ्या विभागात मोडते. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलगा आधी विद्यार्थी, मग खेळाडू. याच साखळीतल्या व्हाइटवॉटरने २००७ ते २०१४ या काळात सहा वेळा विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ‘छोट्यांत खेळले की दर्जा घसरतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा जिभेवर घोळवावा.

१५/ प्रतिष्ठेचे दुसरे टोक पाहायचे तर शिकागो. हे विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. १९३९ च्या हंगामात मिशिगनने त्यांना ८५-० असे लोळवले. वर्षअखेर अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या काळात विद्यापीठाने फुटबॉलच बंद केले. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी मानवनिर्मित अणुसाखळीची पहिली प्रक्रिया घडली. विद्येचा खेळावर विजय, म्हणून हा प्रसंग मोठ्या चवीने सांगितला जातो.

१६/ गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला जात नाही. १९६९ मध्ये शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केले, तेही छोट्या पातळीवर. आणि २०१७ पासून ते मध्यपश्चिमेतल्या छोट्या महाविद्यालयांच्या साखळीत दाखल झाले. नोबेल विजेत्यांची रांग असलेल्या विद्यापीठाला काही शे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांशी खेळताना कमीपणा वाटला नाही. ८५-० आणि मैदानाला टाळे, या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग होता. तो सापडायला त्यांना तीस वर्षे लागली.

१७/ परभणीपुरता तो मार्ग सरळ आहे. कृषी विद्यापीठाने ‘आम्ही विद्यापीठ, ती महाविद्यालये’ हा तोरा बाजूला ठेवून शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या फुटबॉल साखळीत एक साधा संघ म्हणून उतरावे. अशी साखळी नसेल तर पुढाकार घेऊन उभी करावी, कारण जमीन त्याच्याकडे सर्वाधिक आहे. ज्ञानोपासक, शिवाजी, पशुवैद्यकीय, वैद्यकीय, जिंतूर-गंगाखेड-सेलूकडचे संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. आठ संघ असतील तर प्रत्येकाला चौदा सामने मिळतात. पश्चिम विभागाच्या बाद फेरीत खात्रीचा सामना एक.

१८/ येथे आक्षेप ठरलेला असतो. दुबळ्यांशी खेळून खेळाडू दुबळेच राहतील. क्रिकेटने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. २०१८-१९ च्या रणजी हंगामात नवे नऊ संघ प्लेट गटात एकमेकांशी खेळले. त्यात अव्वल आलेला उत्तराखंड त्याच हंगामात उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि नागपुरात विदर्भाकडून हरला. हरलाच, पण विजेत्याकडून हरला, आणि तिथे पोचेपर्यंत हंगामभर खेळून हरला. पश्चिम विभागाचे दार कोणी बंद करा म्हणत नाही. त्या दारापर्यंत चालत जायला पायांत बळ हवे, एवढेच म्हणणे.

१९/ दुसरा आक्षेप नियमांचा. वेगवेगळ्या विद्यापीठांची महाविद्यालये एकत्र कशी? या साखळीने कोणाच्या संलग्नतेला, गुणपत्रिकेला वा विद्यापीठ संघाच्या निवडीला हात लावायचा नाही, इतके ठरले की नियमाचा अडसर फारसा उरत नाही. राज्याच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात कृषी आणि बिगरकृषी विद्यापीठे एकत्र उतरतातच. राज्यपातळीवर जे चालते ते परभणीच्या पातळीवर निषिद्ध कसे?

२०/ वेळेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. कृषी पदवी चार वर्षांची. शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थी सत्रभर खेड्यात असतो. पहिले वर्ष वसतिगृह, भाषा आणि सत्रपद्धत समजण्यात जाते. म्हणजे मैदानासाठी हाती उरतात जेमतेम दोन वर्षे. पाथरीच्या किंवा पालमच्या एखाद्या मुलाच्या पायात खेळ असेल, तर आजच्या रचनेत त्या दोन वर्षांत त्याच्या वाट्याला विद्यापीठाच्या गणवेशातले दोन सामने येतील, तेही संघात निवड झाली तर.

२१/ मैदानाचीही एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. परभणीची काळी कसदार जमीन कापसाला वरदान आणि चेंडूला शाप. पावसात ती बुटाला धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. पण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून सोयाबीनच्या शेतात रुंद सरी-वरंबा काढायला शेतकऱ्याला शिकवणाऱ्या विद्यापीठालाच एक मैदान निचऱ्याचे करता येणार नाही, हे पटण्यासारखे नाही. मुरूम, उतार आणि चर यांचे ज्ञान त्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले जाते. तोवर साखळीचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी ठेवावा. तेव्हा जमीन घट्ट असते, भेगा पडायला अवकाश असतो, आणि सकाळी सात वाजता ज्वारीच्या दवातून आलेल्या पोरांना घाम फुटायला अर्धा तास लागतो.