उधारीच्या माणसांचा मास्तर

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचा आणि चेंडूचा संबंध फारच थोडा येतो. चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे, हे आक्रमणाच्या अकरांचे काम. त्यांना अडवायचे, हे बचावाच्या अकरांचे. लाथ मारण्याचे प्रसंग तेवढे उरतात. खेळ सुरू करताना, काहीच जमेना तेव्हा चेंडू लांब उडवून प्रतिपक्षाच्या गळ्यात घालताना, किंवा दोन खांबांमधून मारून तीन गुण मिळवताना. अशा वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकड्यांना 'स्पेशल टीम्स' म्हणतात. त्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या नशिबाविषयी मला येथे लिहायचे आहे. कारण 'स्पेशल' हा शब्दच त्या माणसाच्या मुळावर आला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यावसायिक संघात 53 खेळाडू असतात. त्यांतले या प्रशिक्षकाच्या मालकीचे म्हणावेत असे तीनच : लाथ मारणारे दोघे आणि वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा एक. बाकीचे सगळे आक्रमणातून आणि बचावातून उसने आणायचे. तेही बहुधा राखीव, नवखे, पुढच्या वर्षी संघात असतील की नाही याची खात्री नसलेले. वरचा कोणी जायबंदी झाला की यांचा तयार केलेला गडी तिकडे ओढला जातो आणि यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. उधारीच्या माणसांवर संसार म्हणतात तो हाच! पण त्यामुळेच मुख्य प्रशिक्षक सोडला, तर दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना घेऊन रोज काम करणारा हा एकटाच असतो. आपल्या महाविद्यालयात कला, वाणिज्य आणि शास्त्र अशा तिन्ही शाखांना आवश्यक भाषेचा पेपर शिकवणारे प्राध्यापक असतात ना, तसाच हा प्रकार. सगळी मुले त्यांना ओळखतात. विभागप्रमुखांच्या बैठकीत मात्र त्यांची खुर्ची दाराजवळ.

हे पद तसे जुने नाही. 1969 साली लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाच्या जॉर्ज ॲलन यांनी डिक व्हर्मील यांना याच एका कामासाठी नेमले, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाने मार्व्ह लेव्ही यांना. लेव्ही हा माणूस मला फार आवडतो. हार्वर्डमधून इंग्लंडच्या इतिहासाची एम. ए. पदवी घेतलेला, तीन विद्यापीठ-महाविद्यालयांच्या संघांचा मुख्य प्रशिक्षक राहिलेला हा गृहस्थ चाळिशी उलटल्यावर लाथा मारायला शिकवण्याचे दुय्यम काम पत्करतो, यात काही कमीपणा मानत नाही. पुढे ते बफेलो संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी संघाला ओळीने चार वेळा सुपर बोलच्या अंतिम सामन्यात नेले. चारही सामने हरले, ही गोष्ट निराळी. त्यांतला पहिला, 1991 सालचा, तर दैवाने मुद्दाम रचल्यासारखा. आठ सेकंद उरलेली, एका गुणाची पिछाडी, 47 यार्डांवरून स्कॉट नॉरवुडची लाथ, आणि चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. 20-19. ज्यांनी उमेदीची वर्षे हेच शिकवण्यात घालवली, त्यांचाच संघ एका लाथेने हरला. समोरच्या न्यू यॉर्क संघाचा बचाव सांभाळणारे बिल बेलिचिक हेही याच शाळेतले. 1975 मध्ये अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते आठवड्याला 25 डॉलरवर बाल्टिमोरला उमेदवारीला लागले, मग डेट्रॉइट आणि डेन्व्हर येथे आणि 1979 पासून न्यू यॉर्कला त्यांनी स्पेशल टीम्सचे काम केले. मुख्य प्रशिक्षक म्हणून पुढे त्यांनी सहा सुपर बोल जिंकले.

जॉन हार्बॉ यांची वाट आणखी लांबची. 1984 पासून एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात, मग फिलाडेल्फियात नऊ वर्षे स्पेशल टीम्स. 2007 मध्ये बचावाच्या मागच्या फळीचे काम घेतले, आणि तेव्हा कुठे 2008 मध्ये बाल्टिमोरचे मुख्य पद मिळाले. 2013 साली ते सुपर बोल जिंकले. त्या सामन्याच्या उत्तरार्धाची सुरुवातच त्यांच्या खेळाडूने 108 यार्ड पळून गुण मिळवून केली होती, आणि विजय अवघ्या तीन गुणांचा होता.

एवढे दाखले असूनही मालक लोकांची नजर आक्रमणाच्या पंडितांवरच खिळलेली. 2021 च्या हंगामात लास व्हेगासचा मुख्य प्रशिक्षक मधेच पायउतार झाला. स्पेशल टीम्सचे रिच बिसाचिया यांनी सैरभैर झालेला संघ हातात घेतला आणि बाद फेरीत नेला. कायमची नेमणूक मात्र आक्रमणाच्या तज्ज्ञाची झाली. त्याला 2023 चा हंगाम संपण्यापूर्वीच घरी पाठवावे लागले. कोणी म्हणेल, जो जज यांचे काय? न्यू यॉर्कने 2020 मध्ये स्पेशल टीम्समधून आणलेले हे प्रशिक्षक दोन वर्षांत 10 सामने जिंकून आणि 23 हरून गेले, हे खरेच. पण त्यांच्या अपयशाचे खापर लगेच त्यांच्या पूर्वीच्या कामावर फुटले. आक्रमणाचे तज्ज्ञ दर हंगामात काढले जातात. म्हणून आक्रमण शिकवणाऱ्याला मुख्य प्रशिक्षक करू नये, असे कोणी म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

2024 मध्ये खेळ सुरू करण्याच्या लाथेचा नियमच बदलला. दुखापती व्हाव्यात नाहीत आणि तरी चेंडू घेऊन पळण्याची गंमत टिकावी, अशी ती नवी मांडणी. ती आखण्यात स्पेशल टीम्सचेच प्रशिक्षक पुढे होते. त्यांत न्यू ऑर्लीन्सचे डॅरेन रिझी. त्याच नोव्हेंबरात त्यांच्यावर संघाची हंगामी जबाबदारी पडली. फेब्रुवारी 2025 मध्ये ते पद आक्रमणाच्या एका तरुण प्रशिक्षकाला देण्यात आले, आणि रिझी डेन्व्हरला गेले, पुन्हा स्पेशल टीम्स शिकवायला.